नमुना जुळला, आकडा चुकला: लॉगच्या ओळींतून फील्ड्स काढताना

पंचवीस-तीस सर्व्हिसेस चालवणाऱ्या टीमला लॉगबद्दल, म्हणजे प्रोग्रॅमने चालताना लिहिलेल्या नोंदींबद्दल, पडणारा प्रश्न साधारण असा असतो: काल संध्याकाळपासून कोणत्या बँकेचे व्यवहार दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेताहेत? उत्तर लॉगमध्ये असतंच, पण ते ओळींच्या पोटात असतं. नुसता मजकूर शोधून ते हाती लागत नाही. 'दोन सेकंदांपेक्षा जास्त' अशी तुलना करायची तर लागलेला वेळ आकडा म्हणून साठवलेला हवा. बँकेनुसार गट पाडायचे तर बँकेचं नाव वेगळ्या रकान्यात हवं. मजकुराच्या ओळीतून असे नावाचे रकाने वेगळे करायचे, याला फील्ड एक्स्ट्रॅक्शन म्हणतात.

एक ओळ समोर ठेवू. खऱ्या लॉगमध्ये ती रोमन लिपीत असते. इथे देवनागरीत लिहिली आहे, पण जागा, कंस आणि चिन्हं जशीच्या तशी आहेत.

२०२५-०३-११ १४:३२:०७,४१८ वॉर्न  [एक्झेक-१७] पेमेंटसर्व्हिस - गेटवेकडून उत्तर नाही ऑर्डर=००४८२१३ बँक=अबक रक्कम=१,२५,००० लागले=२३१५एमएस

ही ओळ ॲपमधून निघते, फाइलमध्ये किंवा कंटेनरच्या (ॲप चालवायच्या वेगळ्या डब्याच्या) स्टँडर्ड आउटपुटवर पडते. तिथून फाइलबीट किंवा फ्लुएंट बिट हा कलेक्टर ती उचलतो, लॉगस्टॅश किंवा इलॅस्टिकसर्चची इन्जेस्ट पाइपलाइन ती फोडते (फोडणारा तो पार्सर) आणि शेवटी ती इंडेक्समध्ये, म्हणजे इलॅस्टिकसर्चच्या शोधता येणाऱ्या साठ्यात, जाते. ग्राफाना लोकी किंवा स्प्लंक यांचा कल वेगळा आहे. तिथे ओळ बहुतांशी आहे तशी साठवतात आणि फोडण्याचं काम क्वेरीच्या वेळी करतात. पॅटर्न, म्हणजे ओळ कशी फोडायची त्याचा नमुना, चुकला तर तिथे क्वेरी सुधारली की जुन्या ओळीही दुरुस्त झाल्यासारख्या दिसतात. साठवण्याआधीच फोडलेल्या ओळीत शिरलेली चूक मात्र इंडेक्समध्ये बसून राहते. म्हणून या लेखात मुख्यतः साठवण्याआधी फोडण्याची पद्धत घेतली आहे.

पॅटर्न न जुळणं ही त्यातल्या त्यात बरी अडचण. लॉगस्टॅशमध्ये अशा ओळीला 'अंडरस्कोअर ग्रॉकपार्सफेल्युअर' हा टॅग लागतो, तो मोजता येतो आणि त्यावर अलर्ट लावता येतो. पॅटर्न जुळतो, टॅग लागत नाही आणि फील्डमध्ये चुकीची किंमत जाऊन बसते, ही खरी डोकेदुखी. वर दिलेल्या एकाच ओळीत अशा निदान पाच जागा आहेत.

आधी ओळ अख्खी आहे का ते बघा

पार्सरकडे येणारी 'ओळ' ही एक पूर्ण घटना असेलच असं नाही. जावाचा स्टॅक ट्रेस, म्हणजे चूक कोडमध्ये कुठून आली त्याची यादी, चाळीस ओळींचा असतो आणि कलेक्टरच्या दृष्टीने त्या चाळीस वेगळ्या घटना असतात. पहिली नीट पार्स होते, उरलेल्या एकोणचाळीस न जुळलेल्यांच्या ढिगात जातात. हे जोडण्याचं काम कलेक्टरवरच करायला हवं, कारण पुढे अनेक सर्व्हरच्या ओळी एकमेकांत मिसळतात. फाइलबीटमध्ये मल्टिलाइनचा नियम 'तारखेने सुरू न होणारी ओळ आधीच्या ओळीला जोड' असा लिहितात: पॅटर्न तारखेचा, निगेट खरं, मॅच आफ्टर. 'मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ जोड' हा नियम सोपा वाटतो, पण 'कॉज्ड बाय' ही ओळ डावीकडे चिकटून सुरू होते आणि मूळ कारण तिथेच लिहिलेलं असतं. ती तुटली की ट्रेसमधला कामाचा भागच वेगळा पडतो. फाइलबीट एका घटनेत डीफॉल्टने ५०० ओळी घेतं आणि ५ सेकंद वाट पाहून जमलेलं पुढे ढकलतं, हेही लक्षात असू द्या.

कंटेनरमध्ये उलटा प्रकार होतो, तिथे एक लांब ओळ तुटते. डॉकरचा जेसन-फाइल ड्रायव्हर आणि कंटेनरडी, दोघेही १६ केबीपेक्षा लांब ओळीचे तुकडे करतात. कुबरनेटीसच्या (अनेक कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) नोडवर फाइल उघडली तर प्रत्येक ओळीआधी वेळ, स्ट्रीमचं नाव आणि 'पी' किंवा 'एफ' हे अक्षर दिसतं. पी म्हणजे अजून तुकडा येणार आहे, एफ म्हणजे ओळ संपली. पी-एफ न बघता मजकूर थेट जेसन (नाव-किंमत जोड्यांचा ठरलेला फॉरमॅट) पार्सरला दिला तर दोन्ही तुकडे निकामी होतात. छोट्या ओळी नीट येतात, नेमक्या मोठ्या रिक्वेस्टच्या ओळी गायब होतात, आणि कारण सापडेपर्यंत सगळे ॲपवर संशय घेत बसतात. फ्लुएंट बिटमध्ये यासाठी 'डॉकर' आणि 'सीआरआय' हे तयार मल्टिलाइन पार्सर आहेत, ते वापरा.

पॅटर्न लिहिण्याआधी आकार मोजा

बहुतेक जण दोन-चार ओळी कॉपी करतात, किबाना या इलॅस्टिकसर्चच्या पडद्यावरच्या ग्रॉक डीबगरमध्ये (पॅटर्न तपासायच्या जागी) टाकतात, हिरवं दिसलं की पॅटर्न प्रॉडक्शनला नेतात. त्या दोन-चार ओळी सगळं सुरळीत चालू असतानाच्या असतात. त्यापेक्षा हे करा. एका पूर्ण दिवसाच्या लॉगमधून लाखभर ओळी घ्या, रात्रीच्या बॅच जॉबच्या वेळेसकट. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडने प्रत्येक अंकसमूहाच्या जागी # टाका, अवतरणचिन्हांतला मजकूर एका ठरावीक खुणेने बदला. मग सॉर्ट, मग युनिक मोजणीच्या पर्यायासह, मग पुन्हा संख्येनुसार उलटा सॉर्ट. लाख ओळींचे काही डझन किंवा काही शे आकार उरतात आणि प्रत्येक आकार किती वेळा आला ते शेजारी दिसतं.

वरचे आकार पॅटर्न लिहायला उपयोगी. खालचे, म्हणजे एकदा-दोनदाच आलेले, त्याहून जास्त शिकवतात. ॲप सुरू होताना छापलेला बॅनर, जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्वतःच्या सूचना, तिसऱ्याच लायब्ररीने आपल्या फॉरमॅटमध्ये टाकलेली ओळ, अर्ध्यात तुटलेली ओळ, वापरकर्त्याने नावाच्या रकान्यात भरलेलं 'एंटर' हे सगळं तिथे सापडतं. शेवटच्या प्रकाराकडे जरा गंभीरपणे बघा. इनपुटमधलं नवीन ओळीचं चिन्ह तसंच लॉगमध्ये गेलं, तर बाहेरचा माणूस हुबेहूब खऱ्यासारखी खोटी लॉग-ओळ तयार करू शकतो. याला लॉग इंजेक्शन म्हणतात, सुरक्षेच्या यादीत ते सीडब्ल्यूई-११७ या क्रमांकाने नोंदलेलं आहे. पॅटर्न कितीही चांगला लिहा, ही खोटी ओळ त्याला खरीच वाटणार. म्हणून ती चिन्हं लिहिण्याच्या जागीच, म्हणजे ॲपमध्येच, एस्केप व्हायला, म्हणजे निरुपद्रवी अक्षरांत बदलायला, हवीत.

मोजलेल्या आकारांमधून प्रत्येकी दोन-तीन ओळी उचलून एक नमुना-फाइल करा आणि प्रत्येक ओळीसमोर अपेक्षित फील्ड्स लिहून ठेवा. पॅटर्न बदलला की ही फाइल पुन्हा चालवायची. इलॅस्टिकसर्चमध्ये सिम्युलेट एपीआय आहे, त्याला पाइपलाइन आणि नमुने दिले की काहीही न साठवता निकाल दिसतो. तपासणी 'जुळलं की नाही' एवढ्यावर थांबवू नका, किंमत अक्षरशः तीच आहे का ते पाहा. का, ते लगेच येतंय.

डिसेक्ट आधी, ग्रॉक नंतर

ओळ फोडायची दोन मुख्य अवजारं आहेत. डिसेक्ट ठरावीक विभाजक शोधत पुढे सरकतं: इथपर्यंत तारीख, जागा, इथपर्यंत लेव्हल (इन्फो, वॉर्न, एरर अशी नोंदीची तीव्रता), मग चौकोनी कंस. त्यात रेजेक्स (चिन्हांत लिहिलेला मजकुराचा नमुना) नसतं, त्यामुळे ते वेगवान आणि कळायला सोपं असतं. ग्रॉक म्हणजे नाव दिलेल्या रेजेक्सचा संच, जो आकार बदलत्या मजकुराला चालतो. शहाणपणाची रीत अशी: ओळीचा डोक्याकडचा भाग, जो सगळ्या ओळींत सारखा असतो, तो डिसेक्टने सोडवायचा, आणि संदेशाच्या भागावर गरजेपुरतं ग्रॉक किंवा की-व्हॅल्यू फिल्टर (बँक=अबक अशा जोड्या फोडणारं) लावायचं. सगळी ओळ एकाच दीड-दोनशे अक्षरी रेजेक्समध्ये कोंबली की सहा महिन्यांनी तिला हात लावायला कोणी धजत नाही.

आता आपल्या ओळीतला पहिला सापळा. वॉर्ननंतर दोन जागा आहेत. लॉगबॅक या जावाच्या लॉग-लायब्ररीत लेव्हल पाच अक्षरांच्या रुंदीत छापायची पद्धत सर्रास आहे. रोमन लिपीत एरर आणि डीबग पाच अक्षरी आहेत, इन्फो आणि वॉर्न चार अक्षरी, म्हणून त्यांच्यामागे एक जागा जास्त पडते. डिसेक्टमध्ये लेव्हलनंतरचा विभाजक 'एक जागा आणि चौकोनी कंस' असा लिहिला तर एररची ओळ नीट सुटते. वॉर्नच्या ओळीतही विभाजक सापडतो, पण दुसऱ्या जागेपाशी, आणि लेव्हलची किंमत होते 'वॉर्न' अधिक शेवटी एक मोकळी जागा. टॅग लागत नाही. किबानात ती जागा डोळ्यांना दिसत नाही. पण लेव्हल हे कीवर्ड फील्ड असतं आणि त्यावरचा शोध अक्षरशः तंतोतंत जुळवतो, त्यामुळे वॉर्नची मोजणी कायम शून्य येते. एररचा अलर्ट वाजतो, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. उपाय एका ओळीचा आहे: फोडल्यावर लेव्हलच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटा. लॉगस्टॅशमध्ये म्युटेटमधलं स्ट्रिप, इन्जेस्ट पाइपलाइनमध्ये ट्रिम.

ग्रॉकमधला असाच सापळा म्हणजे 'ग्रीडीडेटा'. त्याच्या आत `.*` एवढंच आहे. ते शक्य तितकं गिळतं आणि मग पुढचा भाग जुळावा म्हणून मागे सरकतं. क्लासचं नाव ग्रीडीडेटाने घेतलं आणि पुढे जागा-डॅश-जागा हा विभाजक ठेवला, तर संदेशातच असा डॅश असलेल्या ओळीत क्लासच्या नावात अर्धा संदेश जाऊन बसतो. क्लासच्या नावात जागा नसते हे आपल्याला माहीत आहे, तर तेच पॅटर्नला सांगा: `[^ ]+`, म्हणजे जागा सोडून काहीही. कंसातल्या थ्रेडच्या नावासाठी `[^\]]+`. 'काहीही' लिहिण्यापेक्षा 'याशिवाय काहीही' लिहिलं की पॅटर्न नेमकाही होतो आणि वेगवानही. `.*` वापरायचंच असेल तर ओळीच्या अगदी शेवटी, एकदाच.

पॅटर्नच्या सुरुवातीला `^` लावायला विसरू नका. ते नसलं तर न जुळणाऱ्या ओळीत इंजिन पहिल्या अक्षरापासून प्रयत्न करतं, मग दुसऱ्यापासून, मग तिसऱ्यापासून. जुळणाऱ्या ओळीत फरक जाणवत नाही, पण न जुळणाऱ्या ओळींचा पूर आला की सीपीयू चढतो. आणि तो पूर कधी येतो? काहीतरी बिघडलेलं असताना, म्हणजे लॉगची सर्वात जास्त गरज असते तेव्हाच.

रेजेक्स किती महाग पडू शकतं याचा जाहीर दाखला स्टॅक ओव्हरफ्लोचा आहे. २० जुलै २०१६ रोजी ती साइट ३४ मिनिटं बंद पडली. कारण होतं ओळीच्या टोकांची मोकळी जागा छाटणारं एक साधं रेजेक्स. एका पोस्टमध्ये सलग सुमारे २०,००० मोकळ्या जागा आल्या, पण त्या ओळीच्या शेवटी नव्हत्या. इंजिनाने पहिल्या जागेपासून २०,००० तपासल्या, दुसरीपासून १९,९९९, आणि असं करत सुमारे २० कोटी तपासण्या केल्या. लॉगमध्ये अशी ओळ यायला फार काही लागत नाही. कोणीतरी एरर संदेशात अख्खं एचटीएमएल पान ओतलं की झालं. लॉगस्टॅशच्या ग्रॉकची वेळमर्यादा डीफॉल्टने ३०,००० मिलिसेकंद आहे, म्हणजे एक वाईट ओळ एका वर्करला अर्धा मिनिट अडवून ठेवू शकते. ती एक-दोन सेकंदांवर आणा. वेळ संपली तर 'अंडरस्कोअर ग्रॉकटाइमआउट' असा वेगळा टॅग लागतो, त्यावरही नजर ठेवा. गो किंवा रस्ट या भाषांमध्ये लिहिलेल्या लोकी, व्हेक्टर अशा अवजारांची रेजेक्स इंजिनं रचनेनेच या घसरणीपासून वाचतात, मात्र त्यांत मागे-पुढे डोकावणारे काही प्रकार लिहिता येत नाहीत.

लॉगमध्ये मराठी नावं येत असतील तर एक गंमत माहीत असलेली बरी. 'शब्दातलं अक्षर' असा अर्थ असलेला बॅकस्लॅश-डब्ल्यू हा वर्ग प्रत्येक इंजिनात वेगळा वागतो. गोमध्ये त्याला देवनागरी अक्षर दिसतच नाही. पायथनमध्ये मूळ अक्षर दिसतं पण काना, मात्रा, वेलांटी दिसत नाही, आणि नावाचे तुकडे पडतात. इथेही अवतरणचिन्ह सोडून काहीही, `[^"]+`, हाच सुरक्षित मार्ग.

आकडा दिसतो तसा नसतो

रक्कम=१,२५,००० इथे ग्रॉकचा 'नंबर' पॅटर्न स्वल्पविरामाशी थांबतो. पुढे ग्रीडीडेटा असेल तर बाकीचं ते गिळतं, पॅटर्न जुळतो आणि सव्वा लाखाची रक्कम एक रुपया म्हणून नोंदली जाते. स्वल्पविरामासकट घ्या, मग जीसब (शोधून बदलणं) करून स्वल्पविराम काढा, मग आकड्यात रूपांतर करा. ग्रॉकमध्ये प्रकार सांगितला नाही तर प्रत्येक किंमत मजकूर म्हणूनच जाते, आणि लॉगस्टॅशच्या ग्रॉकला रूपांतर येतं ते फक्त इंट (पूर्णांक) आणि फ्लोटचं (दशांश संख्या).

एककाचा घोळ याहून चिवट. आपल्या ओळीत २३१५एमएस आहे. गोमध्ये लिहिलेली सर्व्हिस तोच कालावधी २.३१५एस असा छापते, छोटा असेल तर ३५०एमएस, आणि मोठा असेल तर १एम२एस. अंक घेऊन अक्षरं टाकून दिली तर सव्वादोन सेकंद हे ३५० मिलिसेकंदांपेक्षा कमी ठरतात, आणि आलेखात सर्वात संथ रिक्वेस्ट सर्वात वेगवान दिसते. वेब सर्व्हरचंही तेच. एनजिनएक्सचा रिक्वेस्ट टाइम सेकंदांत असतो, दशांशानंतर तीन अंक. अपाचेत तोच वेळ टक्का-डी (%D) या खुणेने येतो, मायक्रोसेकंदांत. दोन्ही एकाच 'ड्युरेशन' फील्डमध्ये ओतले की सरासरी निरर्थक होते. इलॅस्टिक कॉमन स्कीमाने (फील्ड्सची नावं आणि प्रकार ठरवणाऱ्या इलॅस्टिकच्या नियमावलीने) इव्हेंट-ड्युरेशन हे फील्ड नॅनोसेकंदांत ठरवून टाकलं आहे. आपले २३१५ मिलिसेकंद तिथे २,३१,५०,००,००० होतात. एवढा मोठा आकडा वाचायला गैरसोयीचा आहे खरा, पण सगळ्यांचं एकक एकच राहतं. तो स्कीमा वापरायचा नसेल तर निदान फील्डच्या नावातच एकक घाला.

एनजिनएक्समध्ये अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या सर्व्हरने उत्तराला घेतलेला वेळ) तर कधी आकडा असतो, कधी नुसता डॅश, आणि पहिल्या सर्व्हरने नकार दिल्यावर दुसऱ्याकडे गेलं असेल तर स्वल्पविरामाने जोडलेले दोन आकडे. एकच आकडा धरून लिहिलेला पॅटर्न नेमक्या फेलओव्हरच्या वेळी हरतो.

याउलट ऑर्डर=००४८२१३ हा आकड्यासारखा दिसतो, पण आकडा नाही. त्याची बेरीज कोणी करणार नाही. इंटमध्ये बदलला की सुरुवातीची शून्यं जातात आणि डेटाबेसमधल्या ऑर्डरशी मेळ बसत नाही. सोळा-सतरा अंकी आयडी असेल तर आणखी एक घात: ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ च्या पुढे पूर्णांक अचूक धरत नाही, आणि शेवटचे अंक पडद्यावर बदललेले दिसू शकतात. आयडी कीवर्ड म्हणूनच ठेवा.

वेळेचे साडेपाच तास

लॉगस्टॅशला ओळीतली तारीख वाचायला सांगितलं नाही, तर घटनेची वेळ म्हणून ती ओळ आपल्या हातात आली ती वेळ धरली जाते. रोज चालून जातं. नेटवर्क दोन तास बंद राहून साठलेल्या ओळी एकदम आल्या की सगळ्या 'आत्ता' घडल्यासारख्या दिसतात. म्हणून डेट फिल्टर हवाच.

आपल्या ओळीत तारखेजवळ टाइमझोन नाही. ती भारतीय वेळ आहे, पण पाइपलाइन यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) चालणाऱ्या कंटेनरमध्ये असेल तर १४:३२ ही यूटीसी धरली जाते आणि किबाना ती तुमच्या ब्राउझरमध्ये २०:०२ दाखवतो. घटना साडेपाच तास भविष्यात जाते. 'मागची १५ मिनिटं' लावून बसलेल्या माणसाला रिकामा पडदा दिसतो आणि तो लॉग येतच नाहीत म्हणून तक्रार करतो. डेट फिल्टरमध्ये टाइमझोन 'एशिया/कोलकाता' लिहा, किंवा ॲपलाच ऑफसेटसकट वेळ छापायला लावा. दुसरं जास्त चांगलं.

मिलिसेकंदांआधी टिंब आहे की स्वल्पविराम तेही बघा. लॉगबॅक आणि पायथनचं लॉगिंग डीफॉल्टने स्वल्पविराम टाकतात, बरेचसे तयार पॅटर्न टिंब धरून लिहिलेले असतात. तासासाठी मोठं एच-एच वापरा. लहान एच-एच म्हणजे १२ तासांचं घड्याळ. सकाळी अकराला चाचणी केली तर ते बरोबर चालतं, दुपारी बाराची ओळ मध्यरात्रीची होते आणि एकनंतर 'अंडरस्कोअर डेटपार्सफेल्युअर' टॅग सुरू होतात. जुन्या आरएफसी ३१६४ या मानकाच्या पद्धतीच्या सिसलॉगमध्ये तर वर्षच नसतं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या ओळी १ जानेवारीला वाचल्या तर काय होतं, ते एकदा तपासून घ्या.

भारतात याला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारताच्या हद्दीत ठेवावे लागतात आणि घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ घेण्याच्या पद्धतीने) जुळवलेली असावी लागतात. घड्याळं जुळली आणि टाइमझोन पार्सरमध्ये चुकला, तर त्या जुळवणीला काही अर्थ उरत नाही.

इंडेक्सच्या दारातून परत गेलेल्या ओळी

फील्ड्स नीट निघाली तरी इलॅस्टिकसर्च ती घेईलच असं नाही. डायनॅमिक मॅपिंगमध्ये एखादं फील्ड पहिल्यांदा ज्या प्रकाराने येतं तोच प्रकार त्या इंडेक्ससाठी कायम होतो. एका सर्व्हिसने 'यूजर' हे नुसतं नाव म्हणून पाठवलं आणि दुसरीने त्याच नावाखाली आयडी आणि भूमिका असलेला ऑब्जेक्ट, तर जी नंतर येईल तिची अख्खी ओळ ४०० या एररने परत जाते. रोजचा नवा इंडेक्स असेल तर आज एकीच्या ओळी गळतात आणि उद्या दुसरीच्या, मध्यरात्रीनंतर पहिली कोण पोचली त्यावर. लॉगस्टॅश अशा ओळींबद्दल स्वतःच्या लॉगमध्ये एक इशारा लिहितं आणि त्या टाकून देतं. डेड लेटर क्यू, म्हणजे नाकारलेल्या ओळी ठेवायची रांग, डीफॉल्टने बंद असते, ती सुरू करा. आणि ज्या दहा-पंधरा फील्ड्सवर डॅशबोर्ड उभे आहेत त्यांचे प्रकार इंडेक्स टेम्प्लेटमध्ये स्वतः लिहा.

की-व्हॅल्यू फिल्टर मोकळा सोडणं हाही नेहमीचा प्रकार. यूआरएलमधले पॅरामीटर त्यातून काढले, तर बाहेरचा कोणीही नवी नवी नावं पाठवून नवी फील्ड्स तयार करू शकतो. एका इंडेक्सची फील्ड्सची मर्यादा डीफॉल्टने १,००० आहे. ती ओलांडली की नवीन फील्ड आणणाऱ्या ओळी नाकारल्या जातात. कोणत्या की घ्यायच्या त्याची यादी द्या, बाकी सगळं मजकुरातच राहू द्या.

झाकायचं ते आधी झाका

मोबाइल नंबर, पॅन, आधार लॉगमध्ये येऊच नयेत, पण येतात. पॅन ओळखणं सोपं: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. आधार १२ अंकी, पण यूपीआयचा आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) हाही १२ अंकी असतो. '१२ अंक दिसले की फुल्या मारा' असा नियम लावला तर ग्राहकाच्या तक्रारीत शोधायला लागणारा नेमका तो क्रमांकही पुसला जातो. आधार ० किंवा १ ने सुरू होत नाही आणि त्याचा शेवटचा अंक व्हेरहोफ पद्धतीचा तपासणी अंक असतो. या दोन कसोट्या लावल्या की चुकीची धरपकड बरीच कमी होते. त्याहून बरं म्हणजे ओळीत आरआरएनचं नाव लिहून त्यापुढे आलेल्या क्रमांकाला झाकण्याच्या नियमातून सूट देणं.

क्रमही महत्त्वाचा. पुष्कळ ठिकाणी काढलेलं फील्ड व्यवस्थित झाकलेलं असतं, आणि शेजारीच 'ओरिजिनल' फील्डमध्ये मूळ ओळ उघड्या नंबरासकट साठवलेली असते. झाकणं पहिल्या पायरीवर, मूळ ओळीवरच करा, फोडणं त्यानंतर.

मूळ ओळ मात्र, झाकलेल्या रूपात, ठेवायचीच. तिने जागा खाल्ली तरी निदान एक-दोन आठवडे ठेवा. पॅटर्न चुकल्याचं कळल्यावर पुन्हा फोडायला दुसरं काही हाती नसतं. फ्लुएंट बिटमध्ये इथे खास काळजी घ्या. पार्सर फिल्टरमध्ये 'रिझर्व्ह डेटा' आणि 'प्रिझर्व्ह की' हे दोन्ही पर्याय डीफॉल्टने बंद असतात. पार्सिंग यशस्वी झालं की मूळ मजकूरही जातो आणि कुबरनेटीसच्या पॉडचं नाव वगैरे आधी जोडलेली फील्ड्सही जातात.

न जुळलेल्या ओळी टाकून न देता वेगळ्या इंडेक्समध्ये पाठवा आणि त्यांचं एकूण ओळींशी प्रमाण मोजा. आकडा शून्यावर यायलाच हवा असं नाही. तो अचानक उडी मारतो ती वेळ आणि शेवटच्या डिप्लॉयमेंटची वेळ शेजारी ठेवून बघा, बहुधा कोणीतरी संदेशाची भाषा 'सुधारलेली' असते. जुळून चुकलेल्या किंमतींसाठी वेगळी जाळी लागते: लेव्हल ठरलेल्या पाच-सहा किंमतींपैकी एक आहे का, कालावधी शून्य ते काही मिनिटांच्या आत आहे का, घटनेची वेळ भविष्यातली तर नाही ना. या तीन अटी पाइपलाइनमध्ये बसवल्या असत्या तर वरचे निम्मे सापळे पहिल्या तासात दिसले असते.

हे सगळं टाळायचं असेल तर

ॲपलाच जेसन लिहायला लावा. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये ३.४ या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, स्ट्रक्चर्ड लॉगिंग अंगभूत आहे आणि एका सेटिंगने इलॅस्टिक कॉमन स्कीमाच्या आकारात ओळी निघतात. गोमध्ये १.२१ पासून एसलॉग हे पॅकेज आहे. एनजिनएक्समध्ये लॉग फॉरमॅटला एस्केप-जेसन हा पर्याय द्या, नाहीतर यूजर एजंटमधलं एखादं अवतरणचिन्ह जेसन मोडतं. रेजेक्स जातं, पण एककांचा आणि प्रकारांचा प्रश्न राहतो: २३१५ हे मिलिसेकंद आहेत की मायक्रोसेकंद हे जेसनला कळत नाही. संदेशाच्या वाक्यात किंमती चिकटवायची सवयही सोडावी लागते, नाहीतर जेसनच्या 'मेसेज' फील्डवर पुन्हा ग्रॉक लावायची पाळी येते.

बदल करताना जुन्या आणि नव्या ओळी काही दिवस एकाच वेळी येणार. रोलिंग डिप्लॉयमेंट (सर्व्हर एकेक करून नव्या कोडवर नेणं) चालू असताना तर एकाच मिनिटात येतात. पाइपलाइनमध्ये पहिलं अक्षर बघा: महिरपी कंस असेल तर जेसन पार्सर, नाहीतर जुना डिसेक्टचा मार्ग. आणि दोन्ही मार्गांनी निघणाऱ्या फील्ड्सची नावं आणि प्रकार शेजारी ठेवून ताडून पाहा. जुन्या मार्गाने ऑर्डर मजकूर म्हणून जात असतो, नवा कोड तो आकडा म्हणून पाठवतो, आणि सुरुवातीची शून्यं ॲपमधून निघतानाच गेलेली असतात. ती परत आणणं पाइपलाइनच्या हातात नसतं.